नृत्याची पदवी आणि नृत्याचे वाचन

१

विद्यापीठात नृत्य हा मुख्य विषय घेऊन पदवीपर्यंत शिकणारा विद्यार्थी तीन किंवा चार वर्षांच्या अखेरीस असे काय मिळवतो, की जे त्याला गुरूच्या घरी मिळाले नसते? वरवर पाहता हा प्रश्न नृत्यविभागाने विचारावा आणि नृत्यविभागानेच सोडवावा असा आहे. भाषा व वाङ्मय यांचा अभ्यास करणाऱ्या विभागाच्या पत्रिकेत त्याची चर्चा कशासाठी, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे ते शेवटी संहितेपाशी, म्हणजे आपल्याच दाराशी येऊन थांबते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तेच येथे थोड्या विस्ताराने मांडावयाचे आहे.

आरंभी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी नृत्याच्या एका पदवी-परीक्षेच्या तोंडी चाचणीस भाषेचा अध्यापक या नात्याने उपस्थित राहण्याचा योग आला. परीक्षार्थिनीने 'पताक' हस्ताचे विनियोग एका श्वासात आणि निर्दोष उच्चारांत म्हणून दाखविले. त्यानंतर तिने एक तेलुगू पद सादर केले. नायकावर रुसलेल्या नायिकेचे ते पद होते. मुलीचा अभिनय संयत होता, डोळे बोलके होते, तालाची जाण पक्की होती. सादरीकरण संपल्यावर तिला एवढेच विचारले, की दुसऱ्या ओळीतील उपालंभ नायकाला उद्देशून आहे की सखीला, आणि ते पदातील कोणत्या शब्दावरून ठरते? ती क्षणभर गोंधळली आणि मग अतिशय प्रामाणिकपणे म्हणाली, "बाईंनी असेच बसवून दिले आहे." तिला प्रथम श्रेणी मिळाली आणि ती मिळावयासच हवी होती. अभ्यासक्रमाने जे मागितले होते ते सर्व तिने दिले होते. जे तिला देता आले नाही ते अभ्यासक्रमाने मागितलेच नव्हते. म्हणून ही टीका त्या विद्यार्थिनीवर नाही, तिच्या गुरूंवरही नाही. ती अभ्यासक्रमावर आहे.

२

नृत्य विद्यापीठात कोणत्या वाटेने आले, हे प्रथम पाहिले पाहिजे, कारण प्रवेशाच्या वाटेची खूण पुढे दीर्घकाळ अंगावर राहते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२६ साली नृत्य हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळविण्याची सोय झाली. असा पदवी-अभ्यासक्रम त्या देशात तत्पूर्वी कोठेही नव्हता. त्याची शिल्पकार मार्गारेट एच्‌डब्लर (१८८९–१९८२) ही मूळची जीवशास्त्राची पदवीधर. ती स्त्रियांच्या शारीरिक शिक्षण विभागात खेळ शिकवीत असे. १९१७ पासून तिने नृत्याचे वर्ग घेण्यास सुरुवात केली. आपल्या विद्यार्थिनींना ती जमिनीवर झोपावयास सांगे. शरीराचा भार पायांवरून उतरला म्हणजे सांध्यांची स्वाभाविक हालचाल प्रत्येकीला स्वतः शोधता येते, असा तिचा अनुभव होता. वर्गात ती मानवी सांगाडा ठेवीत असे आणि स्वतः नाचून दाखविण्याचे कटाक्षाने टाळीत असे, कारण मग विद्यार्थिनी शोध सोडून अनुकरणाच्या मागे लागतात. रंगमंचावरील नर्तकी घडविणे हे तिचे उद्दिष्ट नव्हतेच. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात नृत्य हा सर्वांना खुला असलेला सर्जनशील अनुभव आहे, ही भूमिका तिने मांडली. तात्पर्य, तेथे नृत्य शरीरविज्ञानाचा हात धरून विद्यापीठात आले.

आपल्याकडे ते राजदरबारातून आले, आणि या आगमनात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. १८८० साली सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाई यांच्याशी झाला. त्यांचे सासरचे नाव चिमणाबाई. या संबंधातून तंजावरचा नर्तकी व वादक यांचा ताफा बडोद्यास आला. त्यातील गौरी व कांतिमती या नर्तकींची नावे आज इतिहासात नोंदलेली आहेत. दरबाराच्या 'कलावंत कारखान्या'त गवई, वादक, नर्तकी अशा सर्वांची नेमणूक होत असे. १८८६ साली मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली बडोद्यात गायनशाळा निघाली. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा हा संगीतशिक्षणाचा वारसा विद्यापीठाकडे आला आणि लवकरच नृत्य हा तेथे पदवीचा विषय झाला. कलाक्षेत्रात शिकलेले मोहन खोकर हे त्या विभागाचे आरंभीचे प्रमुख. कांतिमती यांचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर हेही बडोद्यातच भरतनाट्यमचे गुरू म्हणून नावारूपास आले. कारखान्यापासून विद्याशाखेपर्यंतचा हा प्रवास एका शतकाच्या आतला आहे.

त्यानंतर ठिकठिकाणी सोयी वाढल्या. १९५६ साली खैरागढ येथे केवळ संगीत व ललित कला यांसाठी इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय निघाले. मुंबईत कनक रेळे (१९३७–२०२३) यांनी उभारलेल्या नालंदा नृत्यकला महाविद्यालयामुळे मुंबई विद्यापीठाची नृत्यातील पदवी उपलब्ध झाली. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र स्थापन झाले. त्याच्या नावापुढे 'गुरुकुल' हा शब्द जोडलेला आहे. एकाच पाटीवर 'विद्यापीठ' आणि 'गुरुकुल' हे दोन्ही शब्द असावेत, यातच या विषयाची सगळी ओढाताण उमटलेली दिसते.

या इतिहासातील आणखी एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. ज्या स्त्रियांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांच्या हाती पदवी नव्हती, आणि ज्या काळात नृत्य पदवीचा विषय होत होते त्याच काळात त्यांचा पूर्वापार व्यवसाय लुप्त होत होता. मद्रास प्रांतात देवदासी-समर्पणाला बंदी करणारा कायदा १९४७ चा आहे, आणि बडोद्याचे विद्यापीठ १९४९ चे. त्या प्रथेचे समर्थन कोणी करणार नाही. तथापि विद्या घ्यावयाची आणि विद्येच्या धन्यांचा नामोल्लेखही करावयाचा नाही, हे विद्यापीठीय सचोटीला धरून नाही. नृत्याच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत भरतमुनी नेहमी भेटतात, गौरी आणि कांतिमती क्वचितच भेटतात.

३

परंपरेच्या बाजूने घेतला जाणारा मुख्य आक्षेप वेळेचा आहे. नृत्य शरीरात मुरावे लागते. सतराव्या-अठराव्या वर्षी महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला तीन-चार वर्षांत, तेही तासिकांच्या तुकड्यांत, किती मुरणार? गुरूच्या घरी घड्याळ नसते, विद्यापीठात घंटा असते. हा आक्षेप खरा आहे, आणि आजच्या श्रेयांक-पद्धतीने तो अधिक टोकदार केला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गणिताप्रमाणे एका श्रेयांकासाठी व्याख्यानाचे पंधरा तास लागतात, तर प्रात्यक्षिकाचे तीस. म्हणजे नृत्याच्या वर्गात घाम गाळलेला एक तास हा बाकावर बसून ऐकलेल्या अर्ध्या तासाबरोबरीचा ठरतो.

हे गणित मुळात प्रयोगशाळेसाठी योजलेले आहे. रसायनशास्त्रात विचार व्याख्यानात मांडला जातो आणि प्रयोगशाळेत त्याची प्रचीती घेतली जाते, अशी त्यामागील धारणा असावी. नृत्यात अशी फाळणी करता येत नाही. एखादा अडवू तिसऱ्या काळात करताना गुडघा का सैल पडतो, किंवा तोड्याची तिहाई समेवर येण्याऐवजी अर्धी मात्रा आधी का संपते, याचा विचार नाचतानाच करावा लागतो. तेथे पाय हाच विचाराचा अवयव असतो. तेव्हा प्रात्यक्षिकाला अर्धे मोल देणारी पद्धत विद्यार्थ्याला नकळत असे शिकविते, की डोके वर्गात वापरावयाचे आणि शरीर शाळेत. नृत्याच्या पदवीला याहून घातक शिकवण दुसरी नाही.

मात्र यावर 'तास वाढवा' एवढेच उत्तर काढणे पुरेसे होणार नाही. तास अवश्य वाढवावेत, परंतु तासांच्या शर्यतीत विद्यापीठ गुरुगृहाला कधीच जिंकू शकणार नाही. दुसरीकडे, केवळ परीक्षा आणि प्रमाणपत्र यांसाठीही विद्यापीठाची गरज नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद, अलंकार इत्यादी परीक्षा गुरूकडे शिकणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांची ही गरज भागवीत आल्या आहेत. म्हणजे तालीम गुरूकडे अधिक मिळते, आणि प्रमाणपत्र मंडळाकडे मिळू शकते. मग विद्यापीठाचे म्हणून काय उरते? 'शास्त्र' उरते, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते शास्त्र प्रत्यक्षात कसे शिकविले जाते, हे आता पाहू.

४

पदवीच्या लेखी प्रश्नपत्रिकांत नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पणा'ला मानाचे स्थान असते. त्यातील अठ्ठावीस असंयुत हस्त आणि तेवीस संयुत हस्त, त्यांची लक्षणे व विनियोग हे विद्यार्थी पाठ करतात. पाठ करण्याला आमचा विरोध नाही. ज्याला हस्त स्मरत नाहीत त्याला अभिनय करता येणार नाही. प्रश्न असा आहे, की पाठांतरानंतर काय?

भरताच्या नाट्यशास्त्रात असंयुत हस्त चोवीस आहेत, संयुत तेरा. 'अभिनयदर्पणा'त ही संख्या वाढलेली दिसते. कोणते हस्त नव्याने आले, कोणत्या प्रयोगाच्या गरजेतून आले, आणि दोन्ही ग्रंथांत समान असलेल्या हस्तांचे विनियोग तेच राहिले की बदलले, हे प्रश्न एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला सहज पेलतील असे आहेत. शिवाय ग्रंथाची संहिताही एकरूप नाही. आनंद कुमारस्वामी व दुग्गिराल गोपालकृष्णय्य यांचा १९१७ चा इंग्रजी अनुवाद तेलुगू लिपीतील एका मुद्रित प्रतीवर आधारलेला आहे, तर मनोमोहन घोष यांनी १९३४ साली हस्तलिखिते ताडून संपादित केलेली संहिता त्याच्याशी सर्वत्र जुळत नाही. वर्गात म्हटला जाणारा श्लोक कोणत्या पाठातील आहे, हे विद्यार्थ्याला ठाऊक असावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. साहित्याच्या पदवीवर्गात ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांचा उल्लेख होतो. नृत्याच्या वर्गात मात्र ग्रंथ हा जणू आकाशातून पडलेला असतो.

'पताक' हस्ताने मेघ दाखवावा, वन दाखवावे, निषेध करावा, रात्र दाखवावी, नदी दाखवावी असे सांगितले आहे. एकच आकृती इतके अर्थ वाहते, याचा अर्थ एवढाच होतो, की अर्थ त्या आकृतीत बंदिस्त नाही. तो संदर्भाने, दृष्टीने, चालीने आणि सर्वांत आधी गायल्या जाणाऱ्या शब्दाने ठरतो. म्हणजे विनियोगांची यादीच विद्यार्थ्याला शब्दाकडे पाठवीत असते. परंतु अभ्यासक्रम तेथवर जात नाही. सैद्धान्तिक प्रश्नपत्रिकेत यादी असते, प्रात्यक्षिकात पद असते, आणि त्या दोहोंना जोडणारा शब्द कोणत्याच प्रश्नपत्रिकेत नसतो. आरंभी सांगितलेली विद्यार्थिनी याच पोकळीत अडखळली होती.

५

ही पोकळी किती खोल आहे आणि ती भरून काढल्यास काय हाती लागते, हे दाखविण्यासाठी एक उदाहरण पुरे आहे. ते उदाहरण मराठीचे आहे.

तंजावरच्या भोसले राजांनी, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत चाललेल्या त्या घराण्याने, संस्कृत, तेलुगू, तमिळ आणि मराठी या भाषांतील रचनांना आश्रय दिला. त्या घराण्यातील काही राजे स्वतः रचनाकार होते. शहाजी राजांची (राज्यकाल १६८४–१७१२) मराठी नाटके आपल्या विभागांतून अधूनमधून अभ्यासली जातात. ती बहुधा एकाच प्रश्नासाठी अभ्यासली जातात : १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'पूर्वी मराठीत नाटक होते काय? वाद कालानुक्रमाचा होतो आणि संहिता बाजूला राहते. त्या संहितांतील गीते कोणत्या पदन्यासावर, कोणत्या प्रवेशनृत्यासाठी बांधली आहेत, हे विचारण्याची साधने आपल्याजवळ नसतात, म्हणून तो प्रश्नही आपल्याला सुचत नाही.

दुसऱ्या सरफोजी राजांची (राज्यकाल १७९८–१८३२) मराठी निरूपणे ही याहून बोलकी आहेत. त्यांच्याच दरबाराशी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु या बंधूंचा संबंध होता, आणि आज भरतनाट्यमचा जो क्रम रूढ आहे तो बसविण्याचे श्रेय या चौघांना दिले जाते. सरफोजींचे निरूपण हे केवळ नृत्यासाठी रचलेले मराठी काव्य आहे. त्यात जयजय, शरणु, अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजति, तिल्लाना यांसारखे अठरा रचनाप्रकार क्रमाने येऊन शेवट मंगलाने होतो. एका निरूपणातील सर्व रचना एकाच रागात आणि एकाच तालात असतात, आणि त्यांतून एकच कथानक पुढे सरकते.

आजच्या भरतनाट्यमच्या मैफलीशी याची तुलना करावी. तेथे अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत राग पालटत जातात, ताल पालटतात, वर्णातील नायिका वेगळी आणि पदातील वेगळी असते. रसिकाचा रस वैविध्यावर पोसला जातो. निरूपणात हे वैविध्य मुद्दाम नाकारलेले आहे. मग अठरा रचना एकाच राग-तालात ऐकताना व पाहताना कंटाळा येत नसेल काय? की रचनाप्रकार पालटत गेल्यामुळे कंटाळा टळत असेल? की मराठी कीर्तनात जसा एका आख्यानाचा सूर धरून श्रोता बसतो, तसा प्रेक्षक एका भाववृत्तीत स्थिर व्हावा, हाच रचनाकाराचा हेतू असेल? 'निरूपण' हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाला कीर्तन आठवते. हा संबंध केवळ शब्दाचा आहे की रचनेचाही आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

या प्रश्नांची उत्तरे कोण देऊ शकेल? मराठीचा विद्यार्थी संहिता वाचील, दक्षिणी मराठीतील शब्दरूपांची टिपणे काढील, परंतु एकाच तालातील अठरा रचना नाचणे म्हणजे काय याची त्याला कल्पना असणार नाही. त्याला निरूपण पुनरुक्तीने भरलेले आणि काव्यदृष्ट्या सामान्य वाटेल, आणि तसा शेरा मारून तो मोकळा होईल. नृत्याच्या विद्यार्थ्याला ती अडचण कळेल, कदाचित तिच्यातील आव्हानही कळेल, परंतु संहिता त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. एकाच विद्यापीठाच्या दोन इमारतींत बसलेले हे दोघे विद्यार्थी एकाच ग्रंथाचे अर्धे-अर्धे वाचक आहेत, आणि त्यांची गाठ पडावी अशी व्यवस्था आपण केलेली नाही.

ही गाठ पडू शकते याचा पुरावा मात्र आहे. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार (१९२१–२०१२) यांनी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील या मराठी रचनांचा अभ्यास केला, त्या भरतनाट्यममध्ये बसविल्या आणि 'तंजावूर नृत्य प्रबंध' या नावाने त्यांचे फळ अभ्यासकांपुढे ठेवले. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनीही तंजावरच्या मराठी राजांच्या रचनांचा शोध घेत त्या रंगमंचावर आणल्या. कथकाच्या क्षेत्रात रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांनी नृत्य, अध्यापन आणि ग्रंथलेखन ही तिन्ही कामे एकमेकांस पूरक अशा रीतीने केली, आणि इसाडोरा डंकन हिचे आत्मचरित्र 'मी इसाडोरा' या नावाने मराठीत आणले. ही कामे एखाद्या पदवी-अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झालेली नाहीत. ती त्या त्या व्यक्तीच्या जिद्दीतून झाली. विद्यापीठाचे काम जिद्द निर्माण करण्याचे नसेल, पण ज्याच्याजवळ ती आहे त्याची वाट अडणार नाही एवढी सोय करण्याचे तरी निश्चित आहे.

६

येथे एक प्रतिवाद संभवतो. वाचन-लेखनाचा असा भार टाकला म्हणजे नृत्यविभागातून नर्तक बाहेर पडण्याऐवजी नृत्यावर बोलणारे बाहेर पडतील, ही भीती निराधार नाही. विस्कॉन्सिनच्या प्रयोगाकडेच पाहावे. एच्‌डब्लरने नृत्याचे शिक्षण आणि रंगमंचावरील नृत्य यांत बुद्ध्या अंतर ठेवले. त्यामुळे विद्यापीठात नृत्याला स्थान मिळाले, स्वतंत्र विचार करणारे विद्यार्थीही मिळाले. अ‍ॅना हालप्रिन ही तिचीच विद्यार्थिनी. परंतु नर्तक घडविण्याची जबाबदारी तिने आपल्याकडे घेतलीच नव्हती. आपल्याकडे परंपरा जिवंत आहे, रचनांचा साठा अफाट आहे, म्हणून ती भूमिका आपण जशीच्या तशी घेऊ शकत नाही. आपल्या पदवीधराने नाचले पाहिजे, आणि चांगले नाचले पाहिजे.

तथापि नाचणे आणि वाचणे यांत वैर मानण्याचे कारण नाही. सी. व्ही. चंद्रशेखर (१९३५–२०२४) यांनी वनस्पतिशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली होती. कलाक्षेत्रात घडलेले हे नर्तक बडोद्याच्या नृत्यविभागाचे प्रमुख आणि पुढे विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले, आणि उतारवयातही रंगमंचावर उभे राहिले. बुद्धीच्या शिस्तीने त्यांच्या पायांतील बळ कमी झाल्याचे कोणी म्हटलेले नाही.

शिवाय आमचा आग्रह अधिक वाचनाचा नाही, नेमक्या वाचनाचा आहे. हस्तांच्या चार याद्या कमी पाठ झाल्या तरी चालेल, परंतु जे पद विद्यार्थी नाचतो त्याचा प्रत्येक शब्द त्याला कळला पाहिजे. कोणता शब्द संबोधन आहे, कोणते क्रियापद कोणत्या काळाचे आहे, श्लेष कोठे आहे आणि त्या श्लेषाचा दुसरा अर्थ दाखविला जाणार आहे की नाही, हे त्याला सांगता आले पाहिजे. संचारी भावासाठी गुरूंनी घातलेला प्रसंग मूळ पदात आहे की पुराणातून आणलेला आहे, याचा भेद त्याला करता आला पाहिजे. असे वाचन हे नृत्यापासून दूर नेणारे नाही. नर्तकाला एका ओळीवर अनेक आवर्तने अभिनय करावयाचा असतो, तेव्हा प्रत्येक वेळी नवा अर्थ तो कोठून काढणार? शब्दातूनच काढावा लागतो.

७

या विवेचनातून दोन सूचना निघतात. दोन्ही साध्या आहेत.

पहिली सूचना नृत्यविभागांसाठी आहे. पदवीच्या अंतिम वर्षी लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन परीक्षांच्या जोडीला एक तिसरी परीक्षा असावी. विद्यार्थ्याने आपल्या संग्रहातील एक पद निवडावे, त्याची संहिता व अर्थ लिहून द्यावा, त्यातील एका ओळीचा अभिनय दोन वेगळ्या प्रकारे करून दाखवावा, आणि त्यांपैकी कोणता आपण स्वीकारतो व का स्वीकारतो, हे शब्दांचा आधार देऊन सांगावे. या परीक्षेत गुरूंनी बसवून दिलेला प्रकार नाकारण्याची सक्ती नसेल. शिष्याने तो समजून स्वीकारला, तरी विद्यापीठाचे काम झाले.

दुसरी सूचना आपल्यासाठी आहे, आणि ती अधिक अवघड आहे. नृत्याच्या विद्यार्थ्याला मराठी संहिता वाचता येत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी, आपण त्याला ती कधी दिली आहे काय, याचा विचार व्हावा. तंजावरची निरूपणे अर्थ, टिपा आणि राग-ताल यांच्या निर्देशांसह पदवीच्या विद्यार्थ्याच्या हाती पडतील अशी पाठ्यपुस्तकाच्या स्वरूपातील आवृत्ती मराठी विभागांनी तयार केली पाहिजे. पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी एकच निरूपण घ्यावे, आणि त्याचा अर्धा काळ ग्रंथालयात व अर्धा काळ नृत्याच्या वर्गात, एका कोपऱ्यात बसून, जावा. त्याला नाचता येण्याची गरज नाही. एका आवर्तनात किती शब्द मावतात आणि कोणत्या शब्दावर पाय थांबतो, हे पाहता आले तरी त्याचे वाचन बदलेल.

कारखान्यातून विद्याशाखेत येताना नृत्याला प्रतिष्ठा, वेतनश्रेणी, पदवी असे पुष्कळ मिळाले. गुरुगृहातील वेळ मात्र येताना मागे राहिला, आणि तो पूर्णपणे परत मिळणार नाही. त्या बदल्यात विद्यापीठाने विद्यार्थ्याला देण्यासारखी एकच गोष्ट आहे : आपण काय नाचतो आहोत हे जाणण्याचा अधिकार. तो अधिकार त्या परीक्षार्थिनीला मिळाला नाही. त्याची जबाबदारी दोन विभागांची होती, आणि त्यांपैकी एक विभाग आपला होता.